गांधीबागेत मीटरवर कापड घेऊन कपाट उभं करताना

नागपुरात कमी पैशात स्वतःचं कपाट उभं करायचं असेल, तर मॉलच्या आधी गांधीबाग गाठा. रेडिमेडच्या आधी मीटरवरचं कापड पाहा आणि कापडाला जितके पैसे लागतील तितकेच शिलाईसाठी बाजूला ठेवा. गांधीबाग-इतवारीच्या कापड बाजाराला मी कापडासाठी पाचपैकी साडेचार गुण देते, भावासाठी चार आणि सोयींसाठी दोन. गुण असे का, ते सविस्तर लिहिते, कारण नुकती कमावती झालेली कितीतरी मुलं-मुली पहिल्याच पगारात दोन ब्रँडेड कपडे घेतात आणि पुढचे तीन महिने तेच दोन धुऊन-वाळवून घालतात.

मी ज्युनिअर वकील आहे. सिव्हिल लाइन्समधलं हायकोर्टाचं खंडपीठ आणि जिल्हा न्यायालय, दोन्हीकडे सिनिअरांबरोबर फाइली घेऊन जावं लागतं. शहरातल्या ज्युनिअरला महिन्याला किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस वकिलांच्या नियामक संस्थेनं, बार कौन्सिल ऑफ इंडियानं, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केली. ती सक्ती नाही, आणि माझ्या हाती त्याहून बरेच कमी येतात. आई-बाबांकडे महाल भागात राहते म्हणून भाड्याचा प्रश्न नाही. तरी पेट्रोल, पुस्तकं, घरात थोडा हातभार हे सगळं वजा जाता कपड्यांसाठी महिन्याला १,५०० रुपये निघतात. म्हणजे वर्षाचे १८,०००. हा आकडा मी कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे, आणि प्रत्येक खरेदी त्याच्याच खाली लिहिते.

आमच्या कपड्यांना नियम आहेत. बायकांना पांढरा किंवा काळा सलवार-कुर्ता चालतो, नाहीतर पांढरी, काळी किंवा सौम्य रंगाची, छापील नक्षी नसलेली साडी. वर काळा कोट आणि गळ्याशी पांढरे बँड्स, म्हणजे कॉलरखाली लटकणाऱ्या दोन पट्ट्या. उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नसते, पण ही सवलत जिल्हा न्यायालयासारख्या खालच्या न्यायालयांपुरती. हायकोर्टात कोट लागतोच, शिवाय वकिली गाऊन. आता नागपूरचा एप्रिल डोळ्यांसमोर आणा. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर गेलेला, मेमध्ये तर पंचेचाळीसही ओलांडतो. अशा वेळी अंगाला काय लागून आहे, यावरच दुपारचा सगळा उत्साह ठरतो. पॉलिस्टर मिसळलेला पांढरा कुर्ता दुकानात कडक दिसतो, पण इथल्या उन्हात त्यात घाम जिरत नाही, पाठीला चिकटतो आणि काखेत पिवळा पडतो. म्हणून मला शुद्ध सुती कापड हवं होतं, तेही अपारदर्शक, रोज धुऊन टिकणारं, आणि माझ्या बजेटात बसणारं. या चारही अटी एकदम पुऱ्या करणारा रेडिमेड कुर्ता मला दीड हजाराच्या खाली मिळाला नाही.

गांधीबागेत पहिल्यांदा जाणारा गोंधळतो. बराचसा बाजार घाऊक आहे. हँडलूम मार्केट आणि क्लॉथ मार्केटच्या कित्येक दुकानांत अख्खं थान, म्हणजे कापडाचा पूर्ण गठ्ठा, घेणाऱ्यालाच भाव सांगतात. दोन मीटर मागितलं तर दुकानदार शांतपणे सांगतो, "ताई, आम्ही थोकवाले, किरकोळ पुढच्या ओळीत पाहा." यात वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, त्यांचा धंदाच तसा आहे. थोडं आत, इतवारीच्या अंगाला, किरकोळ मीटरवर देणारी आणि कटपीसची दुकानं आहेत. तिथे गादीवर बसवतात, पाणी विचारतात आणि थान उलगडून दाखवायला कंटाळत नाहीत. दहा थानं उघडून काहीच न घेता उठलं तरी कोणी तोंड वाकडं करत नाही, हा माझा अनुभव. मॉलमधल्या दिव्यांखाली मला कधी इतकं मोकळं वाटलं नाही.

पांढरं कापड घेताना मी काय करते ते सांगते. थानाचा एक पदर घेऊन त्याखाली तळहात धरायचा. बोटांच्या रेषा दिसल्या तर ते कापड कुर्त्याचं नाही, ओढणीचं. मग कापड दोन बोटांत चोळायचं. खळ जास्त असेल तर पांढरी पूड बोटांना लागते आणि चोळलेला भाग एकदम मऊ, विरळ होतो. असं कापड पहिल्या धुण्यातच गळून जातं. ही परीक्षा आजोबांनी शिकवली. ते एम्प्रेस मिलच्या विणाई खात्यात होते. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती गिरणी कधीच बंद पडली, तिच्या जागेवर आज मॉल आहे. आजोबा दुकानात भावाचं बोलणं सगळ्यात शेवटी काढायचे. आधी कापड उजेडाकडे धरून उभे-आडवे धागे बघायचे. दोन्हीकडचे धागे सारखे दाट असले की मान हलवायचे. मीही आता थान उचलून दाराशी नेते, कारण दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निळसर पांढरा आणि मळकट पांढरा यातला फरक कळत नाही. दुकानदार हसून म्हणतो, "न्या ताई, बिनधास्त न्या बाहेर."

कापड पसंत पडलं की ते लोखंडी मीटरनं मोजतात, काठाला कात्रीची लहानशी चीर देतात आणि दोन्ही हातांनी फर्रकन फाडतात. पॉपलिन, केंब्रिक धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं. कात्रीनं तिरकं कापलेल्या तुकड्यात दोन-तीन इंच वाया जातात, फाडलेल्यात जात नाहीत. त्यामुळे सुती साधं कापड मी फाडूनच मागते.

बजेटच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पन्ना, कापडाची इंचातली रुंदी. मीटरचा भाव ऐकून स्वस्त-महाग ठरवू नका, आधी पन्ना विचारा. मला एकाच दुकानात दोन केंब्रिक आवडली. एक छत्तीस पन्ना, १२० रुपये मीटर. दुसरं अठ्ठावन्न पन्ना, १८० रुपये मीटर. माझ्या मापाच्या गुडघ्याखालच्या, पूर्ण बाहीच्या कुर्त्याला छत्तीस पन्न्याचं पावणेतीन मीटर लागतं, म्हणजे ३३० रुपये. अठ्ठावन्न पन्न्याचं पावणेदोन मीटर पुरतं, म्हणजे ३१५. वर मोठ्या पन्न्यातून कटाईनंतर उरलेली पट्टी एवढी रुंद निघते, की तिच्यात बँड्सच्या दोन जोड्या होतात. टेलरकडे जाऊन आधी "माझ्या मापाला किती पन्न्याचं किती मीटर" हे लिहून घ्या आणि तो कागद पर्समध्येच ठेवा. दुकानदार सवयीनं पाव मीटर जास्त सांगतो. त्याचा हेतू वाईट नसतो, कमी पडू नये म्हणून सांगतो, पण वर्षभरात तो पाव-पाव मीटर एका ब्लाउजइतका होतो.

दुसरी परीक्षा काडीची. एका दुकानात (नाव घेत नाही) "प्युअर कॉटन" म्हणून काढलेल्या थानाचा स्पर्श मला जरा जास्तच गुळगुळीत लागला. काठाचे दोन धागे मागितले आणि बाहेर येऊन काडी लावली. धागा वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मागे उरते ती बोटांनी चुरगळणारी राख. मणी झाला की त्यात पॉलिस्टरसारखा कृत्रिम धागा आहे हे नक्की. तिथून मी कापड घेतलं नाही. चांगले दुकानदार मात्र ही काडी स्वतःच ओढून दाखवतात आणि मिश्र कापड असेल तर तसं सरळ सांगतात. पँटच्या कापडाला मला मिश्रच हवं असतं. पॉलिस्टर-व्हिस्कोसच्या काळ्या कापडाची इस्त्री दिवसभर टिकते आणि गुडघ्याला पोक येत नाही.

कापड हा अर्धा खर्च. उरलेला अर्धा शिलाईचा, आणि नवशिक्यांचं बजेट इथेच कोलमडतं. सव्वातीनशेचं कापड घेऊन खूश होऊन घरी येतात, मग शिलाई ऐकून कापड कपाटात पडून राहतं. मी नियमच केला आहे: ज्या महिन्यात शिलाईचे पैसे हातात नाहीत, त्या महिन्यात कापड नाही.

माझे टेलरकाका महाल भागातच एका वाड्याच्या ओसरीवर बसतात. पांढरं कापड नेलं की पहिला प्रश्न ठरलेला. "पोरी, पाण्यातून काढलं का? पहिले भिजव, वाळव, मग आण. मी माप तेव्हाच घेईन." सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं. न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर बाही मनगटाच्या वर चढते. कुर्त्याची शिलाई ते ३५० घेतात, काज-बटणं त्यातच. या ३५० रुपयांत मला काय मिळतं ते कुर्ता उलटा केला की दिसतं. बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे इंचभर माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) सोडलेली, कडा ओव्हरलॉक केलेल्या, मुंढ्याला, म्हणजे बाही जोडतात तिथे, दुहेरी टीप. सहाएक महिन्यांनी मी जरा जाड झाले तेव्हा काकांनी बाजूची टीप उसवून अर्धा इंच सोडला आणि कुर्ता पुन्हा नवा झाला. रेडिमेड कुर्त्यात ही माया जेमतेम पाव इंच असते, सोडायला काही उरतच नाही. जो कपडा अंगाबरोबर वाढू शकतो तो तीन वर्षं घालता येतो, आणि मला बजेटचा खरा अर्थ तिथे लागला.

आणि खिसा! बाजूच्या शिवणीत खोल खिसा हवा म्हटलं तर काकांनी मोबाइलचं माप घेतलं आणि त्याहून दोन बोटं खोल शिवला. कोर्टात एका हातात फाइली, दुसऱ्या हातात गाऊन असताना खिसा म्हणजे काय सुख असतं ते बायकांना वेगळं सांगायला नको.

नवा टेलर पारखायचा असेल तर पहिल्यांदा कुर्ता देऊ नका, सलवार द्या. कापड कमी किमतीचं, चूक झाली तरी फार नुकसान नाही, आणि नेफा (नाडीची पट्टी), मोहरी (पायाचा घेर), आतली शिवण यावरून हात कळतो. हात पसंत पडला की मग पुढचं काम.

कोटाबद्दल वेगळं लिहायला हवं. कोर्टाच्या आसपास तयार काळे कोट माझ्या शिवलेल्या कोटाच्या निम्म्या किमतीत मिळतात. ज्याला उद्याच वकिलीची सनद घेऊन उभं राहायचं आहे त्याला तो पर्याय ठीक आहे. मी मात्र कोटावर जास्त खर्च केला आणि तो योग्य वाटतो. दोन मीटर कापड ४५० रुपयांनी, ९०० झाले. अस्तर, बुकरम (ताठपणा देणारं आतलं कापड) धरून शिलाई २,१००. एकूण ३,०००. काकांनी विचारलं, "पुरं अस्तर की अर्धं?" पाठीला अर्धंच अस्तर घेतलं, खांद्यापासून पाठीच्या मध्यापर्यंत. त्यामुळे कोटाचा आकार टिकतो आणि खालून हवा खेळते. एप्रिलमध्ये हायकोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये उभं असताना हा फरक अंगाला कळतो. वर्षात दोनशे दिवस कोट अंगावर असतो, म्हणजे पहिल्याच वर्षी दिवसाला १५ रुपये. कुर्ता साडेसहाशे-सातशेचा, आठवड्याला एकदा धरला तर वर्षात पन्नास वेळा, म्हणजे एका वेळेचे १३-१४ रुपये. घेताना किंमत बघण्याऐवजी मी हा भागाकार करते. लग्नात एकदा घालायचा तीन हजारांचा अनारकली या भागाकारात कधीच बसत नाही, आणि म्हणून तो मी मावसबहिणीकडून मागून घेते.

१८,००० चे मी दोन भाग केले, १२,००० कोर्टाचे आणि ६,००० माझे. कोर्टाच्या भागात चार पांढरे कुर्ते २,७०० चे, दोन काळ्या पँट १,८०० च्या (सव्वा मीटर कापड ४०० चं, शिलाई ५००), कोट ३,००० चा, चांगले काळे बूट १,६०० चे. ड्रायक्लीन आणि अल्टरसाठी १,२०० वेगळे. हा रकाना कोणीच धरत नाही आणि मग कोट मळका राहतो. उरलेल्या १,७०० मध्ये एक राखाडी सुती साडी आणि टू बाय टू रुबियाचा काळा ब्लाउज बसला.

माझ्या वाट्याचे ६,००० म्हणजे महिन्याला ५००. यात काय होतं, असं वाटेल. पण काळ्या पँट कोर्टाच्या खात्यातून झाल्या आणि पांढऱ्या सलवारी आधीच कपाटात आहेत, म्हणजे खालच्या कपड्यांचा प्रश्न नाही. मला फक्त वरचं घ्यायचं असतं. रंग तीनच ठरवले: गडद निळा, मरून, हळदी. काळ्यावर आणि पांढऱ्यावर तिन्ही जातात, एकमेकांच्या ओढण्याही चालतात. दोन महिन्यांचे हजार रुपये जमले की एक छापील किंवा हातमागाचा सुती कुर्ता शिवून होतो. चौथा कितीही सुंदर रंग दिसला तरी मी तो थान परत गुंडाळायला सांगते. आईला हे पटत नाही. "अगं, तरुण वयात जरा गुलाबी घाल की." गुलाबी पुढच्या वर्षीच्या यादीत आहे, खरंच आहे.

सगळंच शिवून घ्यावं असं मी म्हणत नाही. जीन्स, टी-शर्ट, स्वेटर, आतले कपडे रेडिमेडच घ्यावेत. त्यासाठी सीताबर्डी बरी. बर्डीच्या मेन रोडवर घासाघीस करायची तयारी असेल तर टी-शर्टला मॉलच्या किमतीचं काही कारण उरत नाही. रेडिमेडवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलला आहे, तेवढं लक्षात ठेवा. आधी हजार रुपयांपर्यंत ५ टक्के आणि वर १२ होता, आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे २,७०० चं जॅकेट पाहत असाल तर अडीच हजारांच्या आतलं आधी बघा, फरक चांगलाच पडतो.

आता सोयींना दोनच गुण का. गांधीबागेत गाडी लावायला जागा नाही, हे पहिलं. डिसेंबर २०२२ मध्ये सीताबर्डीहून प्रजापतीनगरकडे मेट्रो सुरू झाल्यापासून मी गाडी घरीच ठेवते. अग्रसेन चौकाला उतरलं की पुढे ई-रिक्षा मिळते. दुसरं, फाडलेलं कापड परत घेत नाहीत, आणि ते रास्तच आहे, पण त्यामुळे रंग जुळवायचा असेल तर नमुन्याचा तुकडा जवळ हवा. तिसरं, काही ठिकाणी नुसती चिठ्ठी हातात देतात. पक्कं बिल मागा. मागितलं की देतात. बायकांसाठी बरं स्वच्छतागृह शोधायला फिरावं लागतं, आणि इतक्या मोठ्या, इतक्या जुन्या बाजारात ही गोष्ट व्हायलाच हवी, असं मला मनापासून वाटतं. जिथे निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक बायका आहेत तिथे हे मागणं जास्त नाही.

वेळेचं म्हणाल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे फिरकू नका. त्या दिवशी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते आणि इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. मारबत बघायला जरूर जा, कापड घ्यायला नाही. दिवाळीच्या तोंडावर टेलर नवं काम घेत नाहीत आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईचे ब्लाउज येतात. कोर्टाचे कपडे मी जून-जुलैत शिवायला टाकते. तेव्हा काकांना सवड असते, टीप सावकाश पडते, आणि भावातही मीटरमागे पाच-दहा रुपये सुटतात.

कपाटाच्या दारावरच्या कागदाला सगळ्यात खाली एक ओळ मोकळी आहे, करवतकाठी साडीची. आपल्या विदर्भाच्या टसर रेशमाची, काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी असलेली. ती १८,००० मध्ये बसत नाही, म्हणून वर्षाच्या शेवटी जे काही वाचेल ते तिच्या नावानं बँकेत वेगळं ठेवते. भंडारा जिल्ह्यात मोहाडी-आंधळगावकडे विणकरांच्या घरी जाऊन कोणी थेट घेतली असेल, तर किती आधी सांगावं लागतं आणि सिल्क मार्कचं, म्हणजे अस्सल रेशमाची खात्री देणारं, लेबल सोबत मिळतं का, तेवढं मला जरूर कळवा.